अंग उलतंय, खाजतंय: बेळगाव-निपाणी भागात कोरड्या त्वचेची निगा

दिवाळी सरली की बेळगावात नव्याने आलेल्या माणसाच्या तोंडी एक वाक्य हमखास येतं: ‘इथलं पाणी मानवलं नाही.’ सावंतवाडीहून शिकायला आलेली मुलगी असो, पणजीहून बदली होऊन आलेला बँकेतला माणूस असो, नाही तर मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात नुकताच दाखल झालेला जवान असो. नडगीवर नखाने पांढरी रेघ उठते, ओठ उलतात, आंघोळीनंतर कातडी ताणते आणि रात्री पांघरुणात शिरलं की खाज सुटते. दोष पाण्याला मिळतो. पाण्याचा थोडा हात असतोही, विशेषतः बोअरच्या. पण खरं काम करतो तो वारा. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर आहे. चोर्ला घाट चढून वर आलं की कोकण-गोव्याची दमट हवा मागे राहते, आणि थंडीचे तीन-चार महिने पूर्वेकडचा कोरडा वारा अंगातला ओलावा ओढून नेतो.

अथणी, रायबाग, चिकोडीकडे हवा आणखी कोरडी. उलट खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडे, पावसाळ्यात कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. एकाच जिल्ह्यात ही दोन टोकं आहेत. त्यामुळे अथणीच्या मावशीला गुण आलेला उपाय कणकुंबीच्या भाचीला जसाच्या तसा लागू पडेल, असं धरून चालू नका.

मी डॉक्टर नाही. माझं स्वतःचं इसब लहानपणापासूनचं आहे, त्यामुळे औषधाच्या दुकानांपासून आजीबाईच्या बटव्यापर्यंत सगळ्या वाटा पायाखालच्या आहेत. नव्याने सुरुवात करणाऱ्याने कुठून हात घालावा आणि कशाच्या नादी लागू नये, ते सांगतो.

आधी बघा, हे नुसतं कोरडेपणच आहे ना?

त्वचेचा सगळ्यात वरचा पातळ थर म्हणजे मेलेल्या पेशींच्या चपट्या थप्प्या आणि त्यांच्या फटी बुजवणारा स्निग्ध पदार्थ. हा स्निग्धपणा धुऊन गेला की त्वचा नव्या माठासारखी पाझरायला लागते. आतलं पाणी बाहेर जातं आणि बाहेरचा साबण, धूळ, घाम, तिखट आत शिरतं. म्हणूनच कोरडी कातडी नुसती रखरखीत राहत नाही, ती झोंबते आणि चुणचुणते. कोरडेपणाचे उपाय या थराला सावरतात. खाजेचं कारण दुसरंच असेल, तर मात्र त्यांचा उपयोग नाही. म्हणून उजेडात बसून आधी अंग नीट बघून घ्या.

बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला, बेंबीभोवती बारीक पुळ्या आहेत, खाज रात्री वाढते आणि घरात आणखी एक-दोघं खाजवतायत, तर ती खरूज. तिला घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी औषध घ्यावं लागतं. एकट्याने लावून ती परत येतेच. गोल चट्टा, कडा उठलेली आणि मधला भाग जरा साफ, असं असेल तर गजकर्ण. कोपर, गुडघे, डोक्याच्या कडेला जाड चंदेरी पापुद्रे असतील तर सोरायसिस असू शकतो. आणि फिकट किंवा तांबूस चट्ट्यावर कापूस फिरवला तरी कळत नसेल, तर वेळ न घालवता सरकारी आरोग्य केंद्रात जा. कुष्ठरोगाची तपासणी आणि औषधं तिथे फुकट आहेत, आणि लवकर गेलं तर पुढचं नुकसान टळतं.

अंगावर काहीच दिसत नाही आणि तरी आठवडेच्या आठवडे सर्वांगाला खाज आहे, विशेषतः वय झालेल्या माणसाला, तर क्रीम बाजूला ठेवून आधी रक्त तपासून घ्या. साखर, थायरॉइड, मूत्रपिंड, यकृत यांपैकी कशाचाही बिघाड खाजेच्या रूपाने पुढे येऊ शकतो.

यातलं काही नसेल, नडग्या-हात-पाठ रखरखीत असतील, माशाच्या खवल्यांसारखे पापुद्रे असतील, किंवा लहानपणापासून कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणीत खाज उठत असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

आंघोळ

थंडीत बंब पेटवून कडकडीत पाण्याने अंग शेकून काढण्याचं सुख मला ठाऊक आहे. खाजऱ्या अंगावर कढत पाणी पडलं की क्षणभर स्वर्ग वाटतो. आणि अर्ध्या तासाने दुप्पट खाज सुटते. पाणी कोपर बुडवून बघा. कोपराला गरम न वाटता नुसतं ऊबदार वाटलं की झालं. पाच ते दहा मिनिटांत आटपा. आंघोळ रोज केली तरी चालते, पण ती लांबवू नका.

साबण सगळ्या अंगाला लागत नाही. काखा, जांघा, पावलं आणि जिथे खरोखर मळ बसलाय तिथे लावा. हातापायांना नुसतं पाणी पुरतं. साध्या साबणाचा सामू (पीएच) 9-10 च्या घरात असतो, तर निरोगी त्वचेचा 5 च्या आसपास, थोडा आंबटाकडे झुकलेला. दुकानात ‘सिंडेट’ वडी मागितली की कमी क्षार असलेली, बिनवासाची वडी मिळते. महाग वाटते, पण चार जागीच लावायची तर बरेच दिवस पुरते. आंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक द्रव ओतायची सवय असेल तर ती आजच बंद करा. घासणी, वज्री, काथ्याचा तुकडा यांनाही सुट्टी द्या. टाचेपुरती वज्री ठीक आहे.

बोअरच्या जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, साबणाचा चिकट साका मात्र अंगावर बसतो. बंबाच्या किंवा गीझरच्या तळाशी पांढरा थर धरत असेल तर तुमचं पाणी जड आहे असं समजा. बेळगाव शहरात राकसकोप आणि हिडकलचं नळाचं पाणी येतं. ते साठवून ठेवून निदान शेवटचे दोन तांबे त्याचे घेता आले तर बघा. तेवढी सोय नसेल तर साबण आणखी कमी करा, म्हणजे साकाही कमी बसतो.

उटण्याबद्दल जरा स्पष्टच बोलतो. नरकचतुर्दशीला तेल लावून उटणं चोळायला निरोगी त्वचेची हरकत नसते. पण अंग आधीच उललं असेल तर तेल चोळा आणि उटणं नुसतं कपाळाला लावून शास्त्र पूर्ण करा. तान्ह्या बाळाच्या अंगावरची लव जावी म्हणून डाळीच्या पिठाचे गोळे घासतात, ते तर बंदच करा. लव आपोआप जाते. घासल्याने गाल आणि पाठ लालबुंद होते, बाळ रात्रभर किरकिरतं, आणि मग दृष्ट काढली जाते.

लावायचं काय, किती आणि केव्हा

केव्हा, हे सगळ्यात महत्त्वाचं. आंघोळ झाली की टॉवेलने खसाखसा पुसू नका, टिपून घ्या. अंग किंचित ओलसर असतानाच, तीनेक मिनिटांच्या आत, न्हाणीघरातच लावा. बाहेर येऊन कपडे घालून, चहा घेऊन मग लावलं तर जो ओलावा अडवायचा होता तो तोवर उडून गेलेला असतो.

काय लावायचं? सगळ्यात स्वस्त आणि भरवशाचं म्हणजे साधं पांढरं पेट्रोलियम जेली. चिकट असतं, कपड्याला लागतं, पण पाणी अडवण्यात त्याचा हात धरणारं फार थोडं आहे. दिवसा नको वाटत असेल तर सकाळी बिनवासाचं क्रीम आणि रात्री जेली. जनऔषधी केंद्रात विचारून बघा, झुळझुळीत बाटलीपेक्षा बरंच स्वस्तात काम होतं. बाटलीवर बदाम, केशर, मध यांची चित्रं जितकी जास्त तितका वास जास्त, आणि खाजऱ्या त्वचेला वासाचंच वावडं असतं. ग्लिसरीन घरात असेल तर ते नुसतं लावू नका. समप्रमाणात पाणी घालून ओल्या अंगावर लावा.

खोबरेल चालतं. इसबाच्या त्वचेवर खोबरेलाचा अभ्यास झालेला आहे आणि निष्कर्ष चांगले आहेत. फक्त साधारण 24 अंशांखाली ते गोठतं, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत सकाळी बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही. रात्रीच रुंद तोंडाच्या बरणीत काढून ठेवा, बोटाने घेता येतं, तळहातावर वितळतं. सूर्यफुलाचं तेलही त्वचेला मानवतं. मोहरीचं आणि ऑलिव्हचं मात्र कोरड्या, खाजऱ्या अंगाला नको. दोन्ही त्वचेचा वरचा थर ढिला करतात. नातवासाठी परदेशातून आलेली ऑलिव्हची बाटली स्वयंपाकाला वापरा.

टाचांच्या भेगांना आमच्याकडे कोकमाचं तेल लावतात. गोव्याकडचे त्याला भिरंडेल म्हणतात. बाजारात ते घट्ट पांढुरक्या गोळ्याच्या रूपात मिळतं. सुरीने चिमूटभर खरवडायचं, पळीत घेऊन दिव्यावर धरायचं, पातळ झालं की गॅस-दिवा बंद करून कोमट असतानाच भेगेत सोडायचं. आधी दहा मिनिटं पाय कोमट पाण्यात ठेवलेले असावेत. भेगेत उतरताना थोडं चुरचुरतं, मग ते थिजतं आणि भेगेवर मेणासारखं बसतं. वरून जुने सुती मोजे. सलग काही रात्री केलं की झोपताना टाच चादरीला अडकत नाही. कातडी फारच जाड झाली असेल तर 10 टक्के युरियाचं क्रीम टाचेला लावा. भेगेतून रक्त येत असेल तेव्हा युरिया नको, फार झोंबतो. मधुमेह असेल तर भेगा घरी कापत-घासत बसू नका.

किती, याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. तर्जनीच्या पेरावर ट्यूबमधून सरळ रेघ काढली की अर्धा ग्रॅम होतं, आणि त्यात बोटांसकट दोन तळव्यांएवढी जागा होते. मोठ्या माणसाच्या अंगाला एकदा लावायचं तर 20 ते 30 ग्रॅम लागतं. म्हणजे 50 ग्रॅमची डबी संक्रांतीला आणून होळीपर्यंत पुरवली असेल, तर ती लावली असं म्हणता येणार नाही. चोळू नका. लव ज्या दिशेने आहे त्या दिशेने, वरून खाली, हलक्या हाताने ओढा, नाही तर केसांच्या मुळाशी पुळ्या येतात. खानापूरकडे पावसाळ्यात जाड जेलीने घाम कोंडतो, पुळ्या येतात, जांघेत बुरशी धरते. तिथे त्या दिवसांत पातळ लोशन बरं.

एक धोका मात्र कानात तेल घालून विसरू नका. पॅराफिन, जेली, तेल रोज लावलं की ते कपड्यांत, चादरीत मुरतं, धुतलं तरी पूर्ण जात नाही, आणि असा कपडा विस्तवाला भसकन पेट घेतो. चूल, शेकोटी, बिडी यांपासून लांब राहा. तसंही शेकोटीला पाय लावून बसल्याने नडग्यांवर जाळीदार काळसर डाग उठतात आणि कातडी आणखी सुकते. घोंगडीची ऊब हवी तर मध्ये सुती चादर घ्या. स्वेटरच्या आत पूर्ण बाह्यांचा सुती बनियन घाला, लोकर थेट अंगाला लागू देऊ नका.

तुमच्या रोजच्या कामात काय टोचतंय?

महिनाभर आंघोळ आणि क्रीम नीट करूनही हात, चेहरा किंवा पाय शांत होत नसतील, तर रोज अंगाला काय लागतंय ते शोधायला हवं. पुस्तकातल्या याद्या इथे फारशा कामाच्या नाहीत. आपल्या भागाची स्वतःची यादी आहे.

पहिला मान काँग्रेस गवताचा. गाजरासारखी पानं, वर पांढरी बारीक फुलं. रिकाम्या प्लॉटवर, बांधावर, रेल्वेरुळाकडेला सगळीकडे. 1950 च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेस आलं आणि मग देशभर पसरलं. त्याला हात लावायलाही लागत नाही. त्याचा वाळका भुसा हवेत उडतो आणि उघड्या कातडीवर बसतो. म्हणून चट्टे पापण्यांवर, मानेवर, सदऱ्याच्या गळ्याशी, कोपराच्या लवणीत येतात आणि कपड्याखालचं अंग साफ असतं. ही मांडणी दिसली की गवताचा संशय घ्या. शेतातून आल्या आल्या आंघोळ, कपडे बदल. दोरीवरचे कपडे गवताच्या दिशेला वाळत घालू नका, कुंपणावर तर नाहीच. फुलं यायच्या आधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटायचं. आणि ज्याला त्रास आहे त्याने हे काम दुसऱ्यावर सोपवायचं, गावच्या श्रमदानात सुद्धा.

निपाणीकडे तंबाखू. दहिवराने ओली झालेली पानं उघड्या अंगाने हाताळली की निकोटिन कातडीतून आत जातं. मळमळ, चक्कर, डोकं दुखणं होतं, आणि त्याला आपण पित्त म्हणतो. दहिवर उतरल्यावर काम, पूर्ण बाह्या, काम झाल्यावर साबणाने हात, मग लगेच जेली. बिडी वळणाऱ्या बायकांच्या बोटांची टोकं तंबाखूच्या भुकटीने आणि पानाच्या कडेने चिरतात. हातमोजा घालून बिडी वळत नाही, हे मला मान्य आहे. पण दुपारच्या जेवणाआधी हात धुऊन एकदा आणि रात्री झोपताना एकदा जाड जेली, हे जमतं.

संकेश्वरी मिरची खुडताना, कांडताना हाताची भगभग होते, त्याला नुसतं पाणी काही करत नाही, कारण तिखटाचा जहाल अंश पाण्यात विरघळतच नाही. आधी गोडेतेल चोळा, कागदाने पुसा, मग साबण. मिरचीचे हात डोळ्यांना आणि पोराबाळांना लावायच्या आधी हे करा.

खानापूर-चंदगड पट्ट्यात काजू. टरफलातलं तेल कातडी जाळतं, काळी पाडतं. बिब्बा त्याच कुळातला आणि आंबाही. आंब्याचा चीक ज्याला उठतो त्याने काजूच्या टरफलांपासून सांभाळावं. कातडीच्या कुठल्याही दुखण्यावर बिब्ब्याचा चटका देणारा अजून गावोगाव सापडतो. त्याला नमस्कार करून परत फिरा.

बाकीचे भराभर सांगतो. गवंडीकामात सिमेंट: त्यातल्या क्रोमियमचं वावडं एकदा जडलं की सहजी सुटत नाही, म्हणून रबरी हातमोजे आणि आत सुती. उद्यमबागेतल्या कारखान्यांत कटिंग ऑइल आणि हात पुसायचं रॉकेल: रॉकेल बंद, आधी साधं तेल, मग सौम्य साबण. भांडी-धुणी करणाऱ्या हातांना पावडरीचं पाणी: मोजे नसतील तर निदान हात आधी जेलीने माखा. धुतलेले कपडे आणखी एका पाण्यातून काढा. नकली दागिना, घड्याळाचा पट्टा, जीनचं बटण जिथे टेकतं तिथेच खाज आली तर त्यातल्या निकेल धातूचं वावडं. कपाळावर टिकलीच्या जागी खाज किंवा पांढरा डाग पडू लागला तर टिकली थांबवा. तिच्या गोंदातल्या रसायनाने रंग जातो आणि तो परत यायला वेळ लागतो. केस काळे केल्यावर कान, मान, पापण्या सुजल्या तर तो रंग पुन्हा लावायचा नाही, सणासुदीलाही नाही.

खाण्यापिण्याचं काय? वांगं बंद, अंडं बंद, मासे बंद, आंबवलेलं बंद, ही यादी तुम्हाला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी देईल. एखादा पदार्थ खाल्ल्यावर दर वेळी, लगेच अंगावर गांधी उठत असतील तर तो सोडा आणि डॉक्टरांना सांगा. नाही तर जेवा. विशेषतः वाढत्या मुलाचं दूध-अंडं आपल्या मनाने तोडू नका. इसब तसंच राहतं आणि मूल वाळतं.

मेडिकलमधली ट्यूब

आपल्याकडे सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. संवाद ठरलेला:

‘अण्णा, खाजेवर कायतरी द्या की.’

‘कुठं खाजतंय?’

‘जांघेत. आणि जरा पोटावर बी.’

‘हे घ्या. दोन टाइम लावा. दोन दिवसांत गप बसतंय बघा.’

आणि खरोखर गप बसतं. त्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा तीव्र स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि प्रतिजैविक असं तिन्ही एकत्र असतं. स्टिरॉइड खाज आणि लाली दाबतं. खाली बुरशी असेल तर ती आरामात पसरते, आणि ट्यूब बंद केली की दुपटीने वर येते. मग गोल कडाही राहत नाहीत, त्यामुळे डॉक्टरलाही ओळखणं अवघड जातं. चेहऱ्यावर महिनोन्महिने लावलं तर कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, मुरमं येतात, उन्हात भगभगतं. गोरं दिसायला म्हणून मैत्रिणीने सुचवलेली ‘नाइट क्रीम’ बऱ्याचदा याच जातीची असते. ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन ही नावं दिसली तर ते स्टिरॉइड आहे आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय लावायचं नाही.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. स्टिरॉइड म्हणजे विष नव्हे. इसब भडकलं असताना डॉक्टरने सांगितलेल्या ताकदीचं, सांगितलेल्या जागी, सांगितलेले दिवस लावलं तर ते सुरक्षित आहे आणि दुसरं काहीही इतक्या लवकर आराम देत नाही. भीतीपोटी चिमूटभर लावणारे आणि बिनधास्त वर्षभर लावणारे, दोघांचंही दुखणं लांबतं.

घरगुती उपायांपैकी लिंबू-मीठ, तुरटी, लसणाचा रस, रुईचा चीक, वाटलेला कडुनिंब हे उललेल्या कातडीवर नको. झोंबतं म्हणजे औषध काम करतंय, ही आपल्याकडची पक्की समजूत आहे. कोरड्या त्वचेच्या बाबतीत झोंबतं म्हणजे जळतंय, एवढाच अर्थ घ्या.

रात्र

दिवसा कामात खाज विसरते, रात्री ती एकटीच जागी असते. नखं मागेपर्यंत कापा आणि कानशीने गुळगुळीत करा. झोपायच्या तासभर आधी अंगाला लावून मोकळे सुती कपडे घाला. पांघरूण कमी, कारण गरम झालं की खाज वाढते. खाज आलीच तर खाजवू नका म्हणणं सोपं आहे, म्हणून हाताला दुसरं काम द्या. गार पाण्यात पिळलेला फडका त्या जागेवर ठेवा, किंवा तळव्याने घट्ट दाबून धरा, आणि मग परत जेली. मातीच्या माठाजवळ क्रीमची डबी ठेवली तर ती गार राहते, लावल्यावर बरं वाटतं. लहान मुलाला हातात सुती मोजे घालून निजवा. रात्री खाजेमुळे झोप मोडत असेल तर ते सहन करत बसण्याचं कारण नाही. तेवढं एक कारण डॉक्टरकडे जायला पुरेसं आहे.

लोकांच्या नजरा

त्वचेचं दुखणं झाकत नाही. हळदीकुंकवाला हात पुढे केला की कुणी तरी विचारतंच: ‘अगोबाई, हे काय झालंय ग हाताला? दाखवलीस काय कुणाला?’ यात आपुलकी किती आणि चौकशी किती, हे त्या काकूंनाही ठाऊक नसतं. एक वाक्य तयार ठेवा आणि तेच सगळ्यांना द्या: ‘इसब आहे काकू, लहानपणापासनं. कुणाला लागत नाही. औषध चालू आहे.’ पुढे ‘ते गोकाकचं औषध घेऊन बघ’ सुरू झालं तर ‘होय की’ म्हणून तिळगूळ तोंडात टाका. वाद घालत बसायला तुम्ही बांधील नाही.

इसब आणि सोरायसिस स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने, एकाच बाकावर बसल्याने पसरत नाहीत. मुलाच्या वर्गशिक्षकांना भेटून हे सांगा. दप्तरात क्रीमची डबी ठेवायची, थंडीत शाळेच्या लोकरी स्वेटरखाली पूर्ण बाह्यांचा बनियन घालायची मोकळीक मागून घ्या. सांगितलं नाही तर इतर मुलं आपापला अर्थ लावतात आणि बाक रिकामा होतो.

लग्नाच्या बोलणीत दडवू नका, हे माझं मत. बघण्याच्या कार्यक्रमाच्या आधी ट्यूब थापून चेहरा साफ करणारी मुलं-मुली मी पाहिलीत. लग्नाच्या धावपळीत, जागरणात, हळदीच्या चोळण्यात ते पुन्हा उफाळतं आणि मग ‘फसवलं’ हा शब्द येतो. आधीच साधेपणाने सांगितलेलं बरं. हळद लावायला हरकत नाही, पण तेलात कालवून, हलक्या हाताने, आणि उललेल्या जागा सोडून. मेकअप नवा असेल तर कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर आधी रोज थोडा लावून बघा.

खाजवून गेलेल्या जागी काळे डाग राहतात, आपल्या रंगाच्या कातडीवर जरा जास्तच. ते महिनोन्महिने टिकतात, पण हळूहळू फिके होतात. घासून जात नाहीत, उलट गडद होतात. बाहेर पडताना पूर्ण बाह्या किंवा ओढणी घेऊन ऊन टाळलं तर लवकर जातात. आणि डाग जाईपर्यंत अर्ध्या बाह्यांचं ब्लाउज घालायचं नाही, हा नियम कुणी लावून घेतला असेल तर त्याची खरोखर गरज नाही.

डॉक्टरकडे केव्हा आणि कसं जायचं

लगेच जायची वेळ: जागा पिवळ्या खपल्या धरून पाझरते, पू येतो, ताप आहे, बारीक दुखऱ्या फोडांचा पुंजका अचानक पसरतो, डोळ्यांभोवती सूज आहे, किंवा सगळं अंग लाल होऊन साल निघतेय. बाकी वेळी दोन-तीन आठवडे नीट निगा घेऊन फरक नसेल तर जा.

बेळगावात सिव्हिल हॉस्पिटलला, म्हणजे बिम्सला, त्वचारोग विभाग आहे, आणि नेहरूनगरला केएलईच्या प्रभाकर कोरे हॉस्पिटलमध्येही. तालुक्याच्या गावी आधी सरकारी दवाखान्यात दाखवून मग पुढे आलात तरी चालतं.

जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून न्या. रिकाम्या, चेपलेल्या, नाव पुसलेल्यासुद्धा. ‘पांढरी ट्यूब, निळं झाकण’ यावरून डॉक्टरला काही कळत नाही. चट्टा भडकलेला असताना मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण नंबर लागतो त्या दिवशी अंग हमखास शांत असतं. त्या सकाळी अंगाला काही लावू नका. काम काय करता, घरात कुणाला दमा किंवा इसब आहे का, गुरं-कोंबड्या आहेत का, हे न विचारता सांगा. आणि बाहेर पडण्याआधी तीन प्रश्न विचारून घ्या: यातलं कुठलं औषध कुठल्या जागी, किती दिवस, आणि थांबवायचं ते एकदम की हळूहळू. चिठ्ठीवर लिहून मागा. दोन ट्यूबा सारख्या दिसत असतील तर झाकणावर मार्करने ‘तोंड’ आणि ‘पाय’ असं मराठीत मोठ्ठं लिहून टाका, म्हणजे घरात आजी-आजोबांनाही घोळ होणार नाही.